वाजवायचं की ठेवायचं? मिरज ते वाई, वाद्यांच्या आणि वेशांच्या शोधात

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात बीटल्सच्या रिंगो स्टारचा लडविग ड्रमसंच विकला गेला. त्याला वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. बीटल्सच्या सुरुवातीच्या वर्षांतली गाणी रिंगोने त्या संचावर वाजवली होती, म्हणून एवढी किंमत. ही हकीकत वाचली आणि आपल्याकडच्या तालवाद्यांचा विचार मनात घर करून बसला. तमाशाच्या बोर्डावर रात्ररात्र घुमलेली ढोलकी, शाहिराच्या हातातला डफ, लावणी कलावतीच्या पायातले चाळ, तिचा जरीचा शालू, सोंगाड्याचा वेश... कलावंत थकला किंवा गेला की या वस्तू कुठे जातात? त्यांची काळजी कोण घेतो, आणि ती घ्यायची तरी कशी?

या प्रश्नांसाठी मी सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे निवडले. मराठी नाटकाची सुरुवात सांगलीत झाली. पठ्ठे बापूराव, अण्णा भाऊ साठे, काळू-बाळू, शाहीर साबळे, यमुनाबाई वाईकर ही सगळी माणसे याच मुलखातली. आणि वाद्य घडवणारी मिरजही इथेच आहे.

मिरजेला रेल्वेने उतरावे आणि गावात शिरावे. मीरासाहेबांचा दर्गा आणि सतारमेकर गल्ली या दोन जागा पाहिल्याशिवाय मिरज पाहिली असे होत नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि त्यांना इथे आणून दफन केले. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या संगीतसभेत हजेरी लावणे हा गवय्यांना आजही मान वाटतो. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीची चांगली जाण होती. वाद्य नुसते दिसायला सुंदर असून भागत नाही, ते सुरात बोलले पाहिजे, हा त्यांचा आग्रह मिरजेच्या कारागिरांनी उचलला.

इथला सतारमेकर मूळचा शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ही घराणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संस्थानांतली हत्यारे म्यानात गेली आणि शिकलगारांचे काम आटले. त्याच सुमारास दरबारांत गवई येऊ लागले होते आणि त्यांची उत्तरेकडून आणलेली वाद्ये दुरुस्त करायला जवळपास कोणी नव्हते. शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी ते काम हाती घेतले, दुरुस्ती करता करता वाद्याची रचना समजून घेतली आणि स्वतः तंबोरे-सतारी घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या या परंपरेत त्यांचे नाव पहिले घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे कडू भोपळे आणायचे, ते पुरते वाळू द्यायचे, तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली बसवायची, लाखेचे पॉलिश चढवायचे आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची, असा हा सारा व्याप. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

गल्लीतल्या एका दुकानात जुना तंबोरा दुरुस्तीला आला होता. भोपळ्याला चीर गेलेली, तबली बसकी झालेली. वयस्कर कारागिरांनी तो मांडीवर घेतला, बोटाने ठोकून पाहिला आणि आणणाऱ्याला एकच गोष्ट विचारली, "वाजवायचाय, का नुसता ठेवायचाय?"

पुढच्या सगळ्या प्रवासात हा प्रश्न माझ्या सोबत राहिला, कारण वाद्य जपण्याची सुरुवात याच निर्णयापासून होते. वाजवायचे असेल तर तबली बदलावी लागते, घोडी नवी बसवावी लागते, पॉलिश पुन्हा करावे लागते. ठेवायचे असेल तर यातले काहीच करायचे नाही. चीर वाढणार नाही एवढे पाहायचे आणि वाद्यावरची प्रत्येक खूण आहे तशी राहू द्यायची.

चर्मवाद्यांच्या बाबतीत हा निर्णय आणखी कठीण. तंबोऱ्याचे बरेचसे शरीर शंभर वर्षे टिकू शकते, ढोलकीचे तसे नाही. तिचे खोड टिकते, पुडी टिकत नाही. उजव्या पुडीवर शाई असते. लोहचूर्ण आणि खळ यांचा लेप थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती चढवलेली असते. डाव्या पुडीला आतून मसाला लावतात, त्यातून तिचा घुमारा येतो. नामांकित ढोलकीपटूच्या हाताखाली पुडी सतत झिजते, शाई उडते, मग पुडी बदलली जाते. म्हणजे पंचवीस वर्षे वाजलेल्या ढोलकीत त्या पंचवीस वर्षांचे बहुधा फक्त खोड उरते. वादक निवृत्त होताना ढोलकीवर जी पुडी असेल ती त्याच्या हाताची शेवटची पुडी. तीच काढून पुतण्याने किंवा शिष्याने नवी चढवली की त्या माणसाच्या बोटांचा माग कायमचा पुसला जातो. शिष्याने गुरूची ढोलकी वाजवणे ही आपली फार सुंदर रीत आहे, ती मोडू नये. पण जुनी पुडी उकिरड्यावर न टाकता नाव आणि तारीख लिहून बाजूला ठेवता येते. त्याला पैसा लागत नाही.

मिरजेच्या रंगभूमीचीही एक आठवण इथे सांगायला हवी. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेतच. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या साथसंगतीत तबल्यावर बसत अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते असा तबलजी मराठी नाटकाच्या पडद्यापुढे वर्षानुवर्षे वाजवत होता आणि रंगमंचावर बालगंधर्व खऱ्या जरीच्या साड्या नेसून वावरत होते. पाश्चात्त्य देशात असा मेळ जमला असता तर तो तबला आणि ती साडी एकाच काचेच्या कपाटात शेजारी शेजारी दिसली असती. आपल्याकडे त्या काळाची साक्ष मुख्यतः ध्वनिमुद्रिका आणि छायाचित्रे देतात.

मिरजेहून सांगली हाकेच्या अंतरावर. हळदीच्या पेठेचे आणि गणपतीच्या देवळाचे हे गाव. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने इथे ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांनी नाटकांखेरीज लाकडी बाहुल्यांचेही खेळ रचले होते. त्या बाहुल्या दीर्घकाळ पडून राहिल्या होत्या. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त केल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे नाचवल्या. मिरजेच्या कारागिरांच्या प्रश्नाला हे एक उत्तर झाले. अंगात जीव असेल तर वस्तू जपून पुन्हा खेळवायची, पण आधी तिची नीट पाहणी करायची आणि जुना भाग कुठला, नवा कुठला याची नोंद ठेवायची.

सांगलीत वस्तू जपण्याची गोष्ट काढली की कृष्णेचा विषय टाळता येत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ मध्येही शहरात पूर शिरला. कलावंतांच्या घरी वेश आणि वाद्ये असतात ती पत्र्याच्या पेट्यांत, आणि पेट्या असतात जमिनीवर किंवा खाटेखाली. पाणी आधी त्यांनाच गाठते. भिजलेला जरीचा शालू लगेच उन्हात टाकायचा मोह होतो, तसे करू नये. रंग एकमेकांत उतरतात आणि रेशीम कडक होते. स्वच्छ पाण्याने गाळ हलकेच काढावा, पिळू नये आणि सावलीत, वाऱ्यावर सपाट पसरून वाळवावा. ढोलकी भिजली तर आधी दोरी सैल करावी, कारण वाळताना कातडे आकसते आणि ताणलेले असेल तर फाटते. शेगडीजवळ तर अजिबात नेऊ नये. आणि पुराच्या आधीचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. पेटी माळ्यावर ठेवायची.

सांगलीहून तासगावच्या रस्त्याने निघाले की कवलापूर लागते. हे तमाशाचे गाव. लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांना महाराष्ट्राने काळू-बाळू या नावाने डोक्यावर घेतले. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या हवालदारांच्या जोडीने लोक पोट धरून हसले. सोंगाड्याचा वेश हा त्याच्या कलेचा अर्धा भाग असतो. टोपी कुठल्या कोनात, पट्टा किती ढिला, सदरा किती आखूड, यावर हशा अवलंबून. पण फडातला वेश कोणी दागिन्यासारखा जपत नाही. फड दसऱ्यानंतर बाहेर पडतो आणि जत्रांचा हंगाम संपेपर्यंत गावोगाव फिरतो. कनात, राहुट्या, पेट्या ट्रकमध्ये चढतात आणि उतरतात. एकाचा सदरा दुसऱ्याला होतो, फाटला की त्याचे ठिगळ तिसऱ्याला लागते. वस्तू वापरून संपवणे हीच फडाची रीत आहे, कारण फडाची कमाई बेताची असते.

शालू नाहीसे होण्याचे आणखी एक कारण आहे. जुन्या जरीत चांदी असे. ‘जुनी जरी द्या’ म्हणत फिरणारे खरेदीदार अशा साड्या वजनावर घेत आणि काठ-पदर जाळून चांदी काढून घेत. अडचणीच्या काळात घरातल्या बाईला त्या पैशांनी दोन महिने ढकलता आले, यात तिचा दोष काही नाही. पण एखाद्या नामवंत लावणी कलावतीचा शालू असा भट्टीत जातो तेव्हा तिच्या कारकिर्दीचा पुरावाच जळतो.

पुढे कृष्णाकाठाने वाळवा तालुक्यात आलो. उसाच्या मळ्यांतून रस्ता रेठरे हरणाक्षला जातो. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी इथे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले, तेच पठ्ठे बापूराव. गावची कुलकर्णी वतनदारी आणि जातीची प्रतिष्ठा सोडून हा माणूस तमाशात गेला आणि नर्तकी पवळाबाईंच्या साथीने त्याने फड गाजवला. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात हलाखीत त्यांचे निधन झाले. बापूरावांच्या लावण्या ओठांवर आणि वह्यांत उरल्या. ज्या ढोलकीवर त्या उभ्या राहिल्या ती वाजवणाऱ्यांची नावे मात्र फारशी कोणी टिपून ठेवली नाहीत. तालवाद्य वाजवणाऱ्याच्या वाट्याला हे नेहमी येते. गाणारा लक्षात राहतो, नाचणारी लक्षात राहते, ढोलकीवाला मागे उभा असतो.

याच तालुक्यात वाटेगाव आहे, अण्णा भाऊ साठे यांचे जन्मगाव. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. शाहिराचा डफ हे दिसायला साधे वाद्य. लाकडी कडे आणि त्यावर ताणलेले कातडे. वाजवण्याआधी तो शेकावा लागतो, तेव्हा आवाज मोकळा होतो. वर्षानुवर्षे शेकलेले कातडे शेवटी ठिसूळ होते. असा डफ जपायचा ठरला की त्याला पुन्हा कधी विस्तव दाखवायचा नाही. उभा टांगायचाही नाही, कारण कड्याचा भार एकाच जागी येतो. मऊ कापडाच्या बैठकीवर आडवा ठेवायचा.

कराडवरून मी औंधकडे वळलो. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारले. राजे स्वतः चित्रकार. चित्रांवर थेट ऊन पडू नये आणि तरी ती दिवसाच्या उजेडात नीट दिसावीत अशी इमारतीची रचना त्यांनी करवून घेतली. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंतचा ऐवज या आडबाजूच्या गावात सुरक्षित आहे. चांगले संग्रहालय मोठ्या शहरातच होते असे नाही. एका माणसाने मनावर घेतले आणि उजेड-वाऱ्याचा विचार आधी केला तर ते डोंगरावरही होते. तमाशा आणि शाहिरी यांच्या वस्तूंसाठी असे एक दालन सांगली-साताऱ्यात का असू नये, हा विचार औंधच्या पायऱ्या उतरताना पक्का झाला.

साताऱ्यात बसस्थानकाजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली, शिवाजी महाराजांची मानली जाणारी वाघनखे इथे प्रदर्शनासाठी ठेवली गेली आणि ती पाहायला रांगा लागल्या. याच लंडनच्या संग्रहालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिड बोवी या रॉक गायकाच्या वस्तूंचे केंद्र खुले केले. त्याचे रंगमंचावरचे पोशाख, वाद्ये, हस्तलिखिते मिळून नव्वद हजारांहून अधिक वस्तू तिथे आहेत. राजाचे शस्त्र आणि गायकाचा पोशाख एकच संस्था सारख्याच निष्ठेने जपते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. लोककलावंताची वस्तू राजाच्या वस्तूपेक्षा कमी मोलाची, असे कुठलेही चांगले संग्रहालय मानत नाही.

असे पोशाख जपण्याचे शास्त्र काही गुपित नाही. रेशमावर आणि रंगावर उजेडाची मात्रा ५० लक्सच्या आत ठेवतात. हवेतली आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर असावी लागते. आर्द्रता एकदम चढली-उतरली की कातडे आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आकसतात, आणि मग चिरतात. जरीच्या साडीच्या घड्या एकाच जागी वर्षानुवर्षे राहिल्या की त्या रेषेवर जर तुटते, म्हणून साडी रुंद नळीवर गुंडाळतात आणि मध्ये आम्लविरहित कागद किंवा धुतलेले पांढरे मलमल घालतात. कसर लागली असेल तर वस्त्र प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे वीस अंशांखाली आठवडाभर किंवा अधिक काळ गोठवतात. त्याने किडे आणि अंडी मरतात, कापडाला औषध लागत नाही. पितळी चाळ चिंचेने किंवा बाजारच्या पॉलिशने घासत नाहीत, कारण प्रत्येक घासणीत धातूचा थर जातो आणि ओवलेली दोरीही कुजते.

सगळ्यात नाजूक बाब घामाची आणि रंगाची. तासन् तास नाचलेल्या चोळीत घामाचे क्षार बसतात आणि रेशीम आतून कमकुवत करतात. म्हणून सांभाळणाऱ्याला ती धुवावीशी वाटते. पण गळ्याजवळचा रंगाचा डाग, कमरेजवळची घाईने मारलेली टाच, पदराला शिवलेला जादा अस्तराचा तुकडा यांतूनच ती बाई रंगमंचावर कशी वावरत होती हे कळते. त्यामुळे धुण्याआधी जाणत्याला दाखवावे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत.

हवामानाचा विचार करता हे दोन जिल्हे म्हणजे दोन टोके आहेत. पूर्वेला जत-आटपाडीत उन्हाळा इतका कोरडा की ढोलकीची पुडी तडकते. पश्चिमेला वाई-महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळाभर भिंतींना ओल असते आणि कातड्यावर बुरशी चढते. पूर्वेकडच्या घराने वाद्य गार, सावलीच्या खोलीत ठेवावे. पश्चिमेकडच्या घराने भिंतीपासून दूर, खेळत्या हवेत ठेवावे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून पाहावे.

प्रवासाचा शेवटचा टप्पा वाई. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचे कार्यालय यांसाठी वाई प्रसिद्ध आहे, तशीच ती यमुनाबाई वाईकरांमुळेही असायला हवी. ३१ डिसेंबर १९१५ रोजी जन्मलेल्या यमुनाबाईंनी बैठकीची लावणी, तिची अदा आणि तिचे रागदारीशी असलेले नाते शेवटपर्यंत जपले. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०३व्या वर्षी त्यांचे वाईत निधन झाले. वाईहून पाचगणीच्या घाटाच्या पायथ्याशी पसरणी लागते. ३ सप्टेंबर १९२३ रोजी इथे कृष्णराव साबळे जन्मले. शाहीर साबळ्यांनी गायलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आहे. शासकीय कार्यक्रमात ते लागते तेव्हा आपण उभे राहतो. ज्या परंपरेच्या गीतासाठी आपण उभे राहतो, तिच्या डफासाठी आणि चाळांसाठी चार खोल्या बांधणे या राज्याला जड नाही.

सरकारची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. ज्यांच्या घरी आजोबांची ढोलकी, आजीचे चाळ, वडिलांचा डफ किंवा फडातली एखादी पेटी असेल, त्यांनी पाच गोष्टी कराव्यात. वस्तूचे चारी बाजूंनी छायाचित्र काढावे. ती कोणाची, कधीची, कोणत्या फडातली हे कागदावर लिहून सोबत ठेवावे, प्रत्यक्ष वस्तूवर शाईने लिहू नये. वाद्य अजून बोलत असेल तर जाणत्या हाताने एकदा वाजवून घेऊन त्याचा आवाज मोबाइलवर टिपावा. मग दोरी सैल करून, कापडात गुंडाळून उंच जागी ठेवावे. आणि विकण्याआधी, पुडी बदलण्याआधी, जरी देण्याआधी जवळच्या संग्रहालयाला किंवा नाट्यसंस्थेला एकदा विचारावे.

सांगली-साताऱ्यातल्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. ‘वाजवायचं की ठेवायचं’ हा निर्णय कुटुंबाने एकत्र बसून, ती वस्तू वापरणारे माणूस हयात असतानाच घ्यावा. त्या माणसाइतकी खरी माहिती पुढे कोणीही देऊ शकणार नाही.